हो, मागच्या दिवाळीचीच साडी आहे!

मागच्या वर्षी ऑफिसच्या दिवाळी पार्टीत टीममधल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, "अगं, ही साडी गेल्या वर्षीचीच ना?" तिच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. साडी तिला आवडली होती, म्हणूनच तर लक्षात राहिली होती. मी मात्र चोरी पकडली गेल्यासारखी गडबडले आणि म्हणाले, "हो गं, नवीन घेतलीय, पण ब्लाउज शिवून आला नाही ना वेळेत." हे धादांत खोटं होतं. नवीन साडी घेतलेलीच नव्हती.

त्या रात्री हिंजवडीहून घरी येताना कॅब ट्रॅफिकमध्ये अडकली आणि बसल्या बसल्या मी ते खोटं खरं करून टाकलं. एका अभिनेत्रीनं एका बड्या दिवाळी पार्टीत नेसलेली साडी आठवडाभर फोनमध्ये डोळ्यांसमोर नाचत होती. तिची नक्कल १,८९९ रुपयांना, भाऊबीजेच्या आत घरपोच, पैसे तीन हप्त्यांत. भाऊबीजेला नेसले. फोटो टाकले. त्यानंतर ती साडी कपाटातून बाहेर आलेली नाही. आता ती सगळ्यांनी पाहिलीय ना!

हे सांगताना मला लाज वाटते, आणि ती दुहेरी आहे. एक तर मी ज्या गोष्टीबद्दल खोटं बोलले ती लपवण्यासारखी नव्हतीच. आणि दुसरं म्हणजे, ज्या यंत्रानं मला ती साडी दाखवली तसलंच यंत्र बनवण्याचं काम मी स्वतः दोन वर्षं केलेलं आहे.

तर या लेखात मला भांडायचंय ते एका नियमाशी. 'फोटोत आलेला कपडा संपला' हा तो नियम. तो कुणी लिहिलेला नाही, कुठल्या पोथीत नाही, तरी गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपण सगळ्याजणी (आणि हल्ली सगळेजणही) तो इमानेइतबारे पाळतोय. सणावारी फॅशनवर लिहायचं म्हटलं की लोक नट्यांना शिव्या घालायला घेतात. माझं भांडण नट्यांशी नाही. नक्कल करणाऱ्यांशी तर नाहीच नाही.

*

नक्कल आपल्याकडे नवी नाही आणि ती वाईटही नाही. १९६० साली 'लव्ह इन सिमला' आला आणि साधनाच्या कपाळावर आलेल्या केसांना गावोगावच्या मुलींनी 'साधना कट' म्हणून डोक्यावर घेतलं. तो कटसुद्धा मुळात ऑड्री हेपबर्नवरून घेतलेला. म्हणजे कऱ्हाडच्या मुलीनं मुंबईची नक्कल केली आणि मुंबईनं हॉलिवूडची. १९६८च्या 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजनं घट्ट गुंडाळलेली केशरी साडी नेसली आणि ती पद्धत 'मुमताज साडी' या नावानं आजही ओळखली जाते. १९७३च्या 'बॉबी'नं ठिपक्यांच्या कापडाला 'बॉबी प्रिंट' हे नाव दिलं. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'नंतर माधुरीच्या जांभळ्या साडीनं आणि उघड्या पाठीच्या ब्लाउजनं लग्नसराईत काय धुमाकूळ घातला, ते आपल्या आयांना विचारा.

यातली मुमताजची साडी कुणाची होती माहितीये? भानू अथय्यांची. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. 'गांधी'साठी १९८३मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. 'वक्त'मधले साधनाचे अंगाबरोबरचे कुर्ते आणि चुडीदारही त्यांचेच. पोशाखाच्या एका रेघेनं देशभरच्या बायकांच्या चालण्याबसण्याचा डौल बदलणारी ही बाई. त्यामुळे 'सिनेमामुळे आपली संस्कृती बिघडली' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. कुणाची संस्कृती? त्या सिनेमाचे कपडे तर कोल्हापूरच्या बाईनं बेतले होते.

'परंपरा' म्हणून आपण जे मिरवतो त्यातलंही बरंच काल-परवाचं आहे. नवरात्रीचे नऊ रंग घ्या. दोन हजारनंतरच्या दशकात 'महाराष्ट्र टाइम्स'नं हे रंग छापायला आणि त्या-त्या रंगाच्या साड्यांतले फोटो प्रसिद्ध करायला सुरुवात केली. रंग ठरतात ते वारावरून. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल. याला धर्मशास्त्राचा आधार नाही हे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. तरीही लोकलच्या डब्यात सगळ्या बायका एका रंगात दिसतात तेव्हा छान वाटतं, हे मी कबूल करते. मेथीची जुडी निवडत बसलेली बाई आणि बँकेतली ऑफिसर एकाच पिवळ्यात! आणि महत्त्वाचं म्हणजे, सुरुवातीला तरी ही गंमत कपाटात जे आहे त्यावर चालायची. "राखाडी आहे का गं तुझ्याकडे?" म्हणून शेजारणीकडे विचारणा व्हायची. साड्या या घरातून त्या घरात जायच्या.

म्हणजे नक्कल होती, हौस होती, मिरवणंही होतं. मग बदललं काय?

*

बदललं काय, ते मला माझ्या आत्याच्या मशीनवरून कळतं.

आत्या कऱ्हाडात ब्लाउज शिवते. तीस-बत्तीस वर्षं शिवतेय. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिच्या घरातला दिवा रात्री दोनपर्यंत विझत नसे. ती सांगते, माधुरीचा पिक्चर आला तेव्हा बायका तिच्याकडे मासिकातलं कात्रण घेऊन यायच्या. "ताई, असाच गळा पाहिजे." आत्या कात्रण बघायची, समोरच्या बाईकडे बघायची आणि म्हणायची, "एवढी पाठ उघडी टाकून सासऱ्यांना वाढणार कशी?" मग वाटाघाटी व्हायच्या. गळा तोच, पण दोन बोटं वर. पाठीला नाडी, नाडीला गोंडा. खांद्याला उतार असेल तर बाही थोडी फुगीर. कापड सॅटिनचं नको, घामाला चिकटतं. बाई घरी जायची ती 'माधुरीचा ब्लाउज' घेऊन, पण तो तिचाच असायचा. आतल्या बाजूनं दोन्हीकडे इंचभर कापड आत्या राखून ठेवायची. बाळंतपण झालं, अंग सुटलं, की उसवून पुन्हा बेतायला.

२००५च्या दिवाळीत मी आठ वर्षांची होते. 'बंटी और बबली' आला होता आणि राणी मुखर्जीसारखा कॉलरवाला कुर्ता पाहिजे म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. आत्यानं बाबांच्या विटलेल्या शर्टाची कॉलर काढली, उलटवली आणि आईच्या एका साडीच्या काठाबरोबर कुर्त्याला जोडली. तो कुर्ता मी त्या दिवाळीत घातला, शाळेच्या गॅदरिंगला घातला, मामाच्या लग्नाला घातला, आणि मला होईना झाल्यावर धाकट्या चुलतबहिणीनं घातला. राणी मुखर्जीला हा कुर्ता ओळखता आला नसता. मला मात्र त्यात शंभर टक्के बबली झाल्यासारखं वाटायचं.

त्या नक्कलेत मध्ये एक माणूस होता. तो माणूस तुमचं अंग, तुमचं घर, तुमचा खिसा बघून नक्कल तुमच्या मापाची करत होता. आता आत्याकडे बायका येतात त्या तयार ब्लाउज घेऊन. "ताई, बाजूनं जरा आत घेऊन द्या." आत इंचभर कापड नसतं. शिवण उसवली तर काठावरच विरते. आत्या म्हणते, "आता मी शिंपीण राहिले नाही गं, पिना लावणारी झालेय." सणाच्या दिवसांत तिचा दिवा हल्ली दहाला विझतो.

*

आता दुसरी बाजू. आपण जिची नक्कल करतोय तिच्या कपाटात काय आहे?

मोठ्या पार्ट्यांत, प्रीमियरला, पुरस्कार सोहळ्यांत दिसणारे नटनट्यांचे बहुतेक कपडे त्यांनी विकत घेतलेले नसतात. स्टायलिस्ट डिझायनरकडून ते मागवून आणतो, एक संध्याकाळ ते अंगावर राहतात, फोटो निघतात, पोस्टखाली डिझायनरचं, दागिन्यांचं, चपलांचं नाव टॅग होतं आणि कपडे परत जातात. ही काही गुपितं नाहीत, त्या धंद्याची रीतच आहे. डिझायनरला जाहिरात मिळते आणि नटीला पोशाख. साहजिकच ती तोच पोशाख पुन्हा घालत नाही. घालणार कसा? तो तिचा नाहीच.

'एकदाच घालायचं' हा नियम तिथून आलाय. उसन्या कपड्यांच्या जगात तो अगदी योग्य आहे. पण आपण तो उचलला आणि स्वतःच्या पैशानं, प्रसंगी हप्त्यांवर घेतलेल्या कपड्यांना लावला. जिनं दमडी मोजलेली नाही तिच्यासारखं दिसायला आपण तीन महिने हप्ते भरतो आणि तिच्यासारखंच एकदा घालून सोडून देतो. एवढा आतबट्ट्याचा व्यवहार आपल्या आज्यांनी बोहारणीबरोबरही केला नसता.

तिकडे ज्यांना या दिखाव्यातून पैसे मिळतात ते मात्र एकदाच घालायचा हिशेब करत नाहीत, ते दूरचं बघतात. २०२१च्या जानेवारीत आदित्य बिर्ला फॅशननं सब्यसाचीचा ५१ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिलायन्स ब्रँड्सनं मनीष मल्होत्राचा ४० टक्के हिस्सा घेतला. आपल्याला जी 'अमुकतमुकच्या घरची दिवाळी पार्टी' म्हणून दिसते, तिच्यामागं आता कंपन्यांचे ताळेबंद उभे आहेत. म्हणून ती पार्टी वाईट, असं माझं म्हणणं नाही. पण ती पार्टी नसून दुकानाची काचही आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

गंमत पुढेच आहे. आलिया भटनं एप्रिल २०२२मध्ये स्वतःच्या लग्नात नेसलेली साडी ऑक्टोबर २०२३मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला जाताना पुन्हा नेसली. देशभर बातमी! २०२४च्या दिवाळी पार्टीत मेंदीच्या दिवशीचा लेहंगा पुन्हा घातला. पुन्हा बातमी! कौतुक, शाश्वत फॅशनवर लेख, रील्स. आलियानं चांगलंच केलं, मला त्यात खोट काढायची नाही. ते कपडे तिचे स्वतःचे होते म्हणून तर तिला ते पुन्हा घालता आले. पण आपलं काय चुकतंय ते त्या बातमीतून कळतं. बाईनं आपली लग्नातली साडी दुसऱ्यांदा नेसली ही बातमी होऊ शकते?

माझ्या आईची लग्नातली हिरवी साडी घरच्या अल्बममध्ये पंचवीसेक लक्ष्मीपूजनांत आहे. तो अल्बम चाळताना साल ओळखायचं असेल तर माझ्या उंचीवरून ओळखावं लागतं, आईच्या साडीवरून काही कळत नाही. तिला कुणी 'सस्टेनेबल' म्हटलं नाही. उलट मीच कॉलेजात असताना तिला म्हणाले होते, "आई, दरवर्षी काय गं तीच?" आई म्हणाली, "लक्ष्मी पण तीच आहे की."

*

आता माझ्या कामाबद्दल. मी आधी ज्या कंपनीत होते ती कपडे विकणारं एक ॲप चालवायची. आमच्या टीमकडे काम होतं 'असंच दिसणारं दाखवा' या बटणाचं. तुम्ही एखाद्या नटीचा फोटो टाकता किंवा नुसतं तिचं नाव आणि 'दिवाळी लुक' लिहिता. यंत्र फोटोतला कपडा बाकीच्या चित्रापासून वेगळा काढतं. मग रंग, काठ, गळा, झळाळी या सगळ्याचं आकड्यांच्या एका लांबलचक यादीत रूपांतर करतं. दुकानातल्या लाखो कपड्यांच्या अशाच याद्या आधीपासून तयार असतात. ज्या याद्या फोटोच्या यादीच्या सर्वांत जवळ, ते कपडे तुमच्या पडद्यावर. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

गणितात ते सुंदर आहे, मला अजूनही आवडतं. पण त्या यादीत काय नसतं ते सांगते. कापड अंगाला टोचेल का, हे नसतं. धुतल्यावर रंग राहील का, हे नसतं. शिवणीत कापड राखलंय का, हे नसतं. यंत्राला फोटो कळतो, कापड कळत नाही. म्हणून नक्कलही फोटोचीच होते. रेशमाच्या जागी पॉलिएस्टर, जरीच्या जागी चकचकीत प्लॅस्टिकचा धागा, भरतकामाच्या जागी छापलेलं भरतकाम. कॅमेऱ्याला फरक कळत नाही. आणि एकदाच, फोटोपुरताच घालायचा असेल तर तो कळायची गरजही कुणाला नाही. 'फोटोत आलेला कपडा संपला' हा नियम आणि हे कापड एकमेकांसाठी बनलेले आहेत. टिकाऊ कापडाला गिऱ्हाईक नको असेल तर ते बनवणार कोण?

एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. दिवाळीच्या सेलच्या दीड महिना आधी बैठक होती. सेल सुरू व्हायच्या आधी कोड गोठवतात, म्हणजे नवं काही घालायचं तर त्याआधीच. कल्पना मागवत होते. मी म्हणाले, "गिऱ्हाइकानं आधी काय घेतलंय ते आपल्याकडे आहेच. ती जांभळी साडी शोधत असेल आणि दोन वर्षांपूर्वी तिनं आपल्याकडूनच जांभळी घेतलेली असेल, तर 'अशी एक तुमच्याकडे आहे' असं दाखवता येईल. दोन दिवसांचं काम आहे." खोलीत मोठा हशा पिकला. मीही हसले. मी ते अर्धं गमतीतच म्हणाले होते. पण अर्धं गमतीत नव्हतं. तांत्रिक अडचण एकही नव्हती. माहिती होती, कोड सोपा होता. फक्त तो आकडा कुठल्याच तक्त्यात वाढ दाखवणार नव्हता. किती जणींनी बटण दाबलं, किती जणींनी विकत घेतलं, हे तक्त्यात होतं. किती जणींनी कपाट उघडलं, याला रकानाच नव्हता.

त्या वर्षी आम्ही लावलं ते 'हा लुक संपत आलाय, फक्त काही शिल्लक' हे लाल अक्षरांतलं वाक्य.

*

या नियमाविरुद्ध बोललं की दोन्हीकडून उपदेशक धावून येतात. दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

पहिले संस्कृतिरक्षक. त्यांचं म्हणणं, नट्यांचं बघून आमच्या मुली वाहवत चालल्यात, सणाला सणासारखं नटा. २०२१च्या ऑक्टोबरात फॅबइंडियानं दिवाळीच्या तोंडावर 'जश्न-ए-रिवाज' नावाची जाहिरात केली तर नावावरून गदारोळ झाला आणि ती मागं घ्यावी लागली. पाठोपाठ, जाहिरातीतल्या बायकांच्या कपाळावर टिकली का नाही, यावर मोहीम झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस सब्यसाचीला मंगळसूत्राची जाहिरात मागं घ्यावी लागली. मंडळी, तुम्ही टिकली मोजता आणि बाजार साड्या मोजतो. दोघांची नजर एकाच ठिकाणी आहे. सणाच्या दिवशी बाईच्या अंगावर काय आहे याची हजेरी दोघांनाही घ्यायचीय. झब्बा-पायजम्यातल्या पुरुषाला कुणी विचारत नाही की हा तोच का, आणि कपाळाला गंध का नाही.

दुसरे शाश्वततावाले. हे बहुतेक माझ्याच वर्गातले, माझ्याच पगाराचे. "त्यापेक्षा एक खरी हातमागाची पैठणी घे ना, आयुष्यभर टिकेल." बरोबर आहे. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. येवल्याच्या मागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा, मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, धागे लोंबत नाहीत. ती विणायला आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो आणि किंमत त्याप्रमाणे असते. असायलाच हवी. पण ज्या मावशी आमच्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करून पाडव्याला दीड हजाराची सेमी पैठणी नेसतात, त्यांना 'ही खरी नाही' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला संताप येतो. मावशींची ती सेमी पैठणी मी सलग चौथ्या वर्षी बघतेय. इस्त्री करून, साडीच्या पिशवीत घालून ठेवलेली. दर लग्नाला, दर हळदीकुंकवाला तीच. वापराच्या हिशेबात मावशींची पॉलिएस्टरची साडी माझ्या आख्ख्या कपाटापेक्षा जास्त शाश्वत आहे. कापड कुठलं यापेक्षा ते कितीदा अंगावर येतं, हा प्रश्न मोठा आहे. तो विचारायला पैठणी लागत नाही.

आणि तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच. दिवाळीला नवे कपडे घ्यायची रीत आपलीच ना? मग आता नाकं का मुरडायची? आहे, रीत आपलीच आहे. पण ती नीट आठवून बघा. दिवाळीला वर्षाचे कपडे व्हायचे. बोनस हातात आला की ताग्यातून कापड फाडायचं आणि भावांना एकसारखे शर्ट. ते कपडे दिवाळीत नवे म्हणून मिरवायचे आणि मग वर्षभर 'चांगले कपडे' म्हणून वापरायचे. पुढच्या दिवाळीला ते रोजच्या वापरात उतरायचे. साडी विटली की तिची गोधडी, नाहीतर बोहारीण. ती दारात बसून साडी दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरायची आणि पातेलं द्यायचं की चमचा ते ठरवायची. कापडाची एवढी कडक परीक्षा आमच्या कंपनीतही होत नव्हती. माझी १,८९९ची साडी तिनं बहुतेक उंबऱ्याच्या आत टाकून दिली असती.

वर्षातून एकदा नवं घेणं म्हणजे वर्षभराची वाट बघणं होतं. आता वसुबारसेचा लुक, धनत्रयोदशीचा लुक, पहिल्या आंघोळीचा, लक्ष्मीपूजनाचा, पाडव्याचा, भाऊबीजेचा. शिवाय दिवाळी पहाट आणि ऑफिसातला 'एथनिक डे' वेगळा. नवेपणाची वाट बघायला उसंतच नाही. ज्याची वाट बघितली नाही ते आल्याचा आनंद तरी कितीसा होणार? कॅबमध्ये बसून ती साडी ऑर्डर केली तेव्हा मला आनंद झाला नव्हता. सुटल्यासारखं वाटलं होतं. दंड भरल्यावर वाटतं तसं.

*

म्हणून या दिवाळीसाठी माझ्या काही मागण्या आहेत.

ऑफिसांतल्या एचआरवाल्यांनो, 'बेस्ट ड्रेस्ड'ची बक्षिसं बंद करा. द्यायचंच असेल तर सर्वांत जुन्या कपड्याला द्या आणि त्याची गोष्ट सांगायला लावा.

बातम्या देणाऱ्यांनो, नटीनं कपडा पुन्हा घातला ही बातमी थांबवा. तुम्ही कौतुक करता तेव्हाही 'पुन्हा घालणं हे विशेष आहे' असंच शिकवता.

माझ्या धंद्यातल्या मित्रमैत्रिणींनो, 'अशी एक तुमच्याकडे आहे' हे बटण खरंच दोन दिवसांचं काम आहे. बैठकीत पुन्हा बोलून बघा. हसतील. हसू द्या.

मैत्रिणींनो, नट्यांची नक्कल खुशाल करा. फोटो आवडला तर जतन करून ठेवा. पण तो ॲपला दाखवण्याआधी एकदा कपाटाला दाखवा आणि मग तुमच्या आत्याला, गल्लीतल्या शिंप्याला दाखवा. आईच्या साडीला तो गळा कसा दिसेल ते विचारा. तो माणूस दोन बोटं वर-खाली करेल, एक-दोन टोमणे मारेल, आणि आत इंचभर कापड राखेल.

आणि आपण सगळ्यांनीच एक प्रश्न या वर्षी विचारायचा नाही: "परत तीच?"

मी माझी ती १,८९९ची साडी गेल्या महिन्यात कऱ्हाडला आत्याकडे घेऊन गेले. तिनं बोटांनी कापड चोळलं आणि काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. मग म्हणाली, "साडीचं काही खरं नाही. पण रंग गोड आहे. जुन्या खणाचा ब्लाउज घाल याच्यावर, साडी निभावून जाईल." ट्रंकेतून तिनं आजीच्या वेळचा एक खण काढला. ब्लाउज शिवून आलाय. दोन्ही बाजूंना आत इंचभर कापड आहे.

ऑफिसच्या पार्टीला मी हीच नेसणार आहे. मैत्रीण विचारेलच, आणि या वेळी मी कुठल्याही शिंप्यावर खापर फोडणार नाही. हो गं, मागच्या दिवाळीचीच. पुढच्या दिवाळीलाही हीच असेल.